माझदा : एका हट्टाचा इतिहास

व्यापारी संस्थांचे इतिहास सामान्यतः कंटाळवाणे असतात. भांडवल किती होतें व किती झालें, कारखाना कोठें होता व कोठें गेला, यापलीकडे त्यांत फारसें कांहीं सांपडत नाहीं. आणि ज्या संस्थेची भरभराट अखंड होत गेली, तिचा इतिहास तर जमाखर्चाच्या वहीइतकाच रुक्ष होतो. परंतु कांहीं थोड्या संस्था अशा असतात कीं, त्यांच्या चरित्रांत एखाद्या माणसाच्या स्वभावाप्रमाणें एक ठळक वळण दिसून येतें. जपानांतील हिरोशिमा येथील ‘माझदा’ ही मोटारी बनविणारी कंपनी या जातीची आहे. टोयोटासारख्या कंपन्यांच्या मानानें ती नेहमींच लहान राहिली. एकदां नव्हे, अनेकदां तिच्यावर बुडण्याची पाळी आली. तरीही जगभर तिचे जे चाहते आहेत त्यांच्यासारखी निष्ठा पुष्कळ मोठ्या कंपन्यांच्या वाट्यास आलेली नाहीं. ही निष्ठा कशानें उत्पन्न झाली, आणि ज्या हट्टाबद्दल माझदाची वाखाणणी होते तो हट्ट कितपत शहाणपणाचा होता, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

नांवापासूनच आरंभ करूं. १९८० नंतरच्या दशकांत आपल्या देशांत ‘स्वराज माझदा’ या नांवाचे मालवाहू ट्रक व लहान बसगाड्या धांवूं लागल्या, तेव्हांपासून हा शब्द पुष्कळांच्या ओळखीचा झाला आहे. मुंबईच्या वाचकास मात्र त्याची ओळख त्याहून जुनी असावी. पारशी बांधव ज्याची उपासना करितात त्या अहुर मज्दाच्या नांवावरून कंपनीनें हें नांव घेतलें. अवेस्तेंतील ‘मज्दा’ आणि आपला ‘मेधा’ हे शब्द एकाच कुळांतले आहेत, असें भाषाशास्त्रज्ञ सांगतात. कंपनीच्या पहिल्या कर्त्या पुरुषाचें आडनांव ‘मात्सुदा’ होतें, आणि जपानी लिपींत हीं दोन्ही नांवें एकाच अक्षरांनीं लिहितां येतात. अशा रीतीनें प्राचीन इराणांतील ज्ञानदेवता व हिरोशिमाचा एक कारागीर यांची गांठ एका तीनचाकी गाडीच्या कपाळावर पडली.

या कंपनीचा जन्म मोटारींपासून फार दूर झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळांत युरोपांतून येणारें बूच जपानांत दुर्मिळ झालें, तेव्हां देशी झाडाच्या सालीपासून बूच तयार करण्याचा धंदा हिरोशिमा येथें निघाला. आणि १९२० सालीं ‘तोयो कॉर्क कोग्यो’ ही कंपनी स्थापन झाली. दुसऱ्याच वर्षीं तिचीं सूत्रें जुजिरो मात्सुदा यांच्या हातीं आलीं. हे गृहस्थ १८७५ सालीं एका कोळ्याच्या घरीं जन्मले. लहानपणींच घर सोडून ओसाका येथें ते लोहारकाम शिकले, आणि पुढें स्वतः तयार केलेल्या एका पंपामुळें त्यांचें नांव झालें. युद्ध संपल्यावर परदेशी बूच पुन्हां येऊं लागलें व या धंद्यांतला राम गेला. त्यांतच कारखान्यास आग लागली. मात्सुदा यांचा जीव मुळापासून यंत्रांतच रमणारा. त्यांनीं १९२७ सालीं कंपनीच्या नांवांतून ‘कॉर्क’ हा शब्द काढून टाकला व यंत्रावजारें बनविण्यास सुरुवात केली. १९३१ सालीं ‘माझदा-गो’ ही तीनचाकी मालगाडी बाहेर पडली. पुढें मोटारसायकलीचा अर्धा भाग व मागें दोन चाकांवर उघडी पेटी, असें तिचें रूप होतें. ज्या दुकानदारास चारचाकी ट्रक परवडत नव्हता, आणि ज्याच्या गल्लींत तो शिरतही नव्हता, त्याची अडचण या गाडीनें दूर केली. पुढें चैनीच्या शर्यतींत नांव काढणाऱ्या कंपनीचें पहिलें वाहन हें असें हमालाचें होतें.

६ ऑगस्ट १९४५ हा जुजिरो मात्सुदा यांचा सत्तरावा जन्मदिवस होता. त्या दिवशीं सकाळीं सव्वाआठ वाजतां हिरोशिमावर अणुबाँब पडला. त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत सुमारें १ लक्ष ४० हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं, असा अंदाज आहे. कंपनीचा कारखाना शहराच्या पूर्वेस फुचू येथें होता, आणि तो व स्फोटाची जागा यांच्यामध्यें हिजियामा नांवाची सुमारें ७० मीटर उंचीची टेकडी आडवी होती. या टेकडीनें आघाताचा जोर पुष्कळसा अडविल्यामुळें कारखाना उभा राहिला. शहरांत कारभार चालविण्यास जागा उरली नव्हती, म्हणून प्रांताची सरकारी कचेरी या कारखान्याच्या इमारतींत हलविण्यांत आली व सुमारें वर्षभर ती तेथेंच होती. जखमींच्या शुश्रूषेसही त्याच इमारतींत जागा मिळाली. याच कारखान्यांत युद्धकाळीं जपानी सैन्यासाठीं बंदुका तयार होत होत्या, ही गोष्ट इतिहासकारानें झांकून ठेवूं नये. परंतु त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तेथून पुन्हां तीनचाकी गाड्या बाहेर पडूं लागल्या, आणि राखेंतून शहर उभें करण्याच्या कामीं दगडविटा, लांकूडफांटा व धान्य यांची वाहतूक करण्यास त्या उपयोगीं पडल्या. शहर आणि कंपनी यांच्यांत जो जिव्हाळा पुढें दिसतो त्याचें मूळ येथें आहे. नागरिकांच्या वर्गणीनें तगलेल्या हिरोशिमाच्या बेसबॉल संघास कंपनीनें १९६८ सालापासून आधार दिला. १९८४ सालीं कंपनीनें ‘तोयो’ हें आपलें जुनें नांव टाकून ‘माझदा’ हेंच नांव धारण केलें, तरी त्या संघाच्या नांवांत ‘तोयो’ हा शब्द अद्याप राहिला आहे.

आतां त्या प्रसिद्ध हट्टाकडे वळूं. १९६० सालीं कंपनीनें ‘आर ३६०’ ही पहिली प्रवासी मोटार काढली; तिची किंमत ३ लक्ष येन, म्हणजे त्या वेळच्या जपानी मोटारींत पुष्कळच कमी होती. परंतु याच सुमारास जपानी सरकारच्या व्यापार व उद्योग खात्याच्या मनांत निराळेंच कांहीं घोळत होतें. परदेशी मोटारींस बाजार मोकळा करण्यापूर्वीं देशांतील लहान-मोठ्या कंपन्या थोड्याशा गटांत एकवटाव्या, असें त्याचें धोरण होतें. या धोरणाचा अर्थ हिरोशिमा येथें स्पष्ट समजला: ज्या कंपनीपाशीं स्वतःचें असें कांहीं नाहीं ती दुसऱ्या कोणाच्या पोटांत जाणार. जुजिरोंचे पुत्र त्सुनेजी मात्सुदा हे त्या वेळीं अध्यक्ष होते. ते १९६० च्या शरदृतूंत जर्मनींतील नेकार्झुल्म येथें गेले आणि तेथील एन्. एस्. यू. या कंपनीशीं त्यांनीं करार केला. फेलिक्स वांकेल या जर्मन संशोधकाच्या कल्पनेंतून निघालेलें एक नव्या तऱ्हेचें इंजिन बनविण्याचा अधिकार त्या करारानें मिळाला.

या इंजिनाचें वैशिष्ट्य थोडक्यांत सांगणें अवश्य आहे, कारण सर्व कथा त्यावर अवलंबून आहे. नेहमींच्या इंजिनांत दट्ट्या नळकांड्यांत वरखालीं धांवतो. प्रत्येक फेरींत त्यास दोनदां थांबून उलट फिरावें लागतें, आणि ती सरळ गति दांड्याच्या योगानें वर्तुळाकार करून घ्यावी लागते. वांकेलच्या रोटरी इंजिनांत दट्ट्या नाहीं. कमरेशीं किंचित् दबलेल्या लंबगोल पोकळींत फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरत असतो. त्याचीं तीन टोकें पोकळीच्या भिंतीस सतत चिकटून असतात, आणि भिंत व त्रिकोणाची बाजू यांमधील जागा फिरतां फिरतां लहानमोठी होते. त्या जागेंतच वायु आंत घेणें, दाबणें, पेटविणें व बाहेर टाकणें ह्या चारही क्रिया होतात. त्रिकोणाचा एक फेरा होतो तोंवर मुख्य आंसाचे तीन फेरे होतात. हें इंजिन हलकें, आटोपशीर व जवळजवळ कंपरहित असतें. कागदावर पाहिलें तर दट्ट्याच्या इंजिनाचे दिवस भरले, असेंच कोणासही वाटावें.

कागदावरची ही मोहिनी प्रत्यक्षांत लवकरच उतरली. त्रिकोणाच्या टोकांस ज्या पट्ट्या बसविलेल्या असत त्या भिंतीवर थरथरत घांसल्या जात, आणि आंतल्या गुळगुळीत पृष्ठभागावर ओरखड्यांच्या रांगा उठत. कारखान्यांतील लोक त्यांस ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ म्हणूं लागले. शिवाय तेल आंत झिरपून पांढऱ्या धुराचे लोट निघत तें निराळेंच. १९६३ सालीं या कामासाठीं स्वतंत्र विभाग स्थापण्यांत आला आणि त्यावर केन्-इची यामामोतो यांची नेमणूक झाली. लढाईनंतर याच कारखान्यांत यंत्रांचे भाग जुळविण्यापासून त्यांनीं नोकरीस सुरुवात केली होती. त्यांच्या हाताखालचे अभियंते मोजून ४७ होते. धन्याच्या अपमानाचा सूड घेण्यासाठीं दीर्घकाळ वाट पाहून अखेर प्राणार्पण करणाऱ्या ४७ सामुराईंची कथा जपानांत मुलांनाही ठाऊक असते. तेव्हां या मंडळींस तेंच नांव पडलें यांत नवल नाहीं. त्यांनीं पट्टीसाठीं नाना धातु व पदार्थ वापरून पाहिले, आणि शेवटीं कार्बनमध्यें अल्युमिनियम मुरवून केलेली पट्टी टिकली. ३० मे १९६७ रोजीं ‘कॉस्मो स्पोर्ट’ ही दोन फिरत्या त्रिकोणांची मोटार विक्रीस निघाली. पुढच्याच वर्षीं जर्मनींतील न्यूर्बुर्गरिंग येथील ८४ तासांच्या शर्यतींत दोन कॉस्मो उतरल्या आणि त्यांपैकीं एक चवथी आली. ८४ तासांपर्यंत पट्ट्या टिकल्या, हाच त्या शर्यतींतील खरा विजय होता.

वांकेलच्या इंजिनाचा अधिकार घेणाऱ्या कंपन्या पुष्कळ होत्या. जर्मनींतील डाइम्लर-बेन्झनें त्यावर प्रयोग केले, फ्रान्समधील सित्रोएननें एक मोटार बाजारांत आणली, अमेरिकेंतील जनरल मोटर्सनें त्यापायीं पुष्कळ पैसा खर्च केला, आणि सर्वांनीं तें सोडून दिलें. स्वतः एन्. एस्. यू. या कंपनीची ‘आरओ ८०’ ही सुंदर मोटार इंजिनाच्या तक्रारींनीं इतकी गांजली कीं, १९६९ सालीं ती कंपनीच फोक्सवागेनच्या छत्राखालीं गेली. ज्यांच्यापाशीं दुसरें पुष्कळ होतें त्यांना ही कल्पना टाकणें परवडलें. माझदाची गोष्ट वेगळी होती. तिच्या दृष्टीनें हें इंजिन म्हणजे स्वतंत्र राहण्याचा परवानाच होता, आणि परवाना कोणी सुखासुखीं फाडीत नाहीं.

परंतु येथेंच या कथेंतील दुसरी बाजू उघड होते. यश मिळतांच कंपनीस असें वाटूं लागलें कीं, जें इंजिन एका मोटारीस शोभलें तें सर्वच मोटारींस शोभेल. घरगुती गाड्यांत, इतकेंच नव्हे तर मालवाहू गाडींत व बसमध्येंही तें बसविण्यांत आलें. या इंजिनाचा मोठा दोष असा कीं, तें इंधन फार खातें. १९७३ च्या अखेरीस अरब राष्ट्रांनीं तेलाचा पुरवठा आवळला आणि पेट्रोलचे भाव भडकले. अमेरिकन सरकारच्या पर्यावरण खात्यानें प्रसिद्ध केलेल्या आंकड्यांनींही माझदाच्या गाड्यांची खादाडी चव्हाट्यावर आणली. न विकलेल्या मोटारी गोदामांत सांचल्या. सुमितोमो बँकेनें हात दिला नसता तर कंपनी त्याच वेळीं संपली असती. कारखान्यांतील कामगारांना गाड्या विकण्यासाठीं दुकानांत पाठविण्याची वेळ आली. ज्यांनीं आयुष्यभर पाना धरला त्यांना दारोदार गिऱ्हाइकांची मनधरणी करावी लागली. १९७७ सालीं संस्थापकांचे नातू कोहेई मात्सुदा यांना अध्यक्षपद सोडावें लागलें व कारभार घराण्याच्या हातून गेला. हट्टाची किंमत धनी व चाकर दोघांनींही मोजली. आज चाहते रोटरी इंजिनाचें कौतुक करतांना हा भाग गाळतात. पण तो गाळला तर पुढची गोष्ट समजत नाहीं.

पुढची गोष्ट अशी कीं, कंपनीनें हट्ट टाकला नाहीं, त्याला वेसण घातली. इंधनाचा खर्च ४० टक्क्यांनीं सुधारण्याचा निश्चय करून यामामोतो यांच्या मंडळींनीं तो तडीस नेला; रोजच्या वापराच्या गाड्यांना साधें दट्ट्याचें इंजिन देण्यांत आलें, आणि रोटरी इंजिनास त्याची योग्य जागा मिळाली. ती जागा म्हणजे १९७८ सालची ‘आरएक्स-७’. हलकी, बुटकी, दोन माणसांच्या चैनीसाठीं केलेली ही मोटार होती. इंजिन लहान असल्यामुळें तें पुढच्या चाकांच्या आंसामागें बसवितां आलें, आणि गाडीचा तोल उत्तम साधला. जो गुण घरगुती गाडींत व्यर्थ जात होता तोच येथें फळाला आला. त्याच वेळीं ‘फामिलिया’ ही साधी, काटकसरी गाडी कंपनीस भाकरी मिळवून देत होती. तिच्या १९८० सालच्या नव्या आवृत्तीस ‘जपानमधील वर्षाची मोटार’ हा नव्यानेंच सुरू झालेला मान पहिल्याप्रथम मिळाला. आमच्या मतें माझदाच्या इतिहासांतील खरी शहाणपणाची घडी हीच होय.

रोटरी इंजिनाच्या कीर्तीचा कळस २३ जून १९९१ रोजीं चढला. फ्रान्समधील ल मां येथील २४ तासांच्या शर्यतींत नारिंगी व हिरव्या रंगांची, ५५ क्रमांकाची ‘७८७ बी’ ही मोटार पहिली आली. जॉनी हर्बर्ट, फोल्कर वायडलर व बर्ट्रां गाशो या तिघांनीं ती आळीपाळीनें हांकिली आणि ३६२ फेरे पुरे केले. शेवटचा भाग हांकणारे हर्बर्ट इतके थकले होते कीं, विजयाच्या व्यासपीठावर त्यांना चढतां आलें नाहीं. जपानी कंपनीस तेथें मिळालेला हा पहिला विजय. दुसरा टोयोटानें मिळविला, पण त्यास २०१८ साल उजाडावें लागलें. या विजयामुळें धास्तावून रोटरी इंजिनावर बंदी घालण्यांत आली, अशी आख्यायिका चाहत्यांत प्रचलित आहे. ती खरी नाहीं. दट्ट्याच्या साडेतीन लिटर इंजिनांचे नवे नियम या शर्यतीपूर्वींच ठरलेले होते. शिवाय माझदाच्या गाडीस प्रतिस्पर्ध्यांहून कमी वजनाची सवलत मिळाली होती, हेंही सांगितलें पाहिजे. विजयाचें मोल त्यानें कमी होत नाहीं, कारण सवलत कितीही मिळाली तरी चोवीस तास न मोडतां धांवणें हें यंत्रासच करावें लागतें.

ज्या मोटारीनें माझदास सर्वांत अधिक प्रेम मिळवून दिलें तींत मात्र रोटरी इंजिन नाहीं. १९७९ सालीं बॉब हॉल या अमेरिकन पत्रकारानें यामामोतो यांना सुचविलें कीं, इंग्लंडांत पूर्वीं होत असत तशा हलक्या, उघड्या, दोन आसनी मोटारी आतां कोणी करीत नाहीं. त्या तुम्ही करा. हा विषय यामामोतो यांच्या मनांत राहिला. फेब्रुवारी १९८९ मध्यें शिकागो येथील प्रदर्शनांत ‘एमएक्स-५’ लोकांपुढें आली. इंजिन १.६ लिटरचें, साधेंच. वजन १००० किलोग्रॅमच्या आंत. वेगही कांहीं डोळे दिपविणारा नाहीं. तिच्या कर्त्यांनीं ‘जिनबा इत्ताई’ हा जपानी शब्दप्रयोग आपल्यापुढें ठेविला होता. स्वार व घोडा यांची एकरूपता, असा त्याचा अर्थ. ज्याची मांड पक्की आहे त्या स्वारास लगाम ओढावा लागत नाहीं. मनांत येतांच घोडें वळतें. तसें या मोटारीनें वळावें, म्हणून प्रत्येक भागांतून वजन काढण्यांत आलें. इंग्लंडच्या ज्या कारखान्यांनीं ही जात निर्माण केली त्यांनीं ती टाकून दिली होती. ती हिरोशिमानें जगविली. २००० सालीं जगांत सर्वांत अधिक खपलेली दोन आसनी मोटार म्हणून तिची नोंद झाली, आणि २०१६ च्या एप्रिलांत दहालाखावी ‘एमएक्स-५’ बाहेर पडली. २०१५ सालीं विक्रीस आलेली तिची चवथी पिढीही पहिलीच्या मानानें फारशी जड झालेली नाहीं. दर पिढीस लठ्ठ होत जाणाऱ्या मोटारींच्या जगांत हा संयम दुर्मिळ आहे.

मध्यंतरीं आणखी एक संकट येऊन गेलें. १९८९ च्या सुमारास जपानांत पैशाचा पूर आला होता. त्या भरांत माझदानें एकदम पांच निरनिराळ्या नांवांनीं विक्रीचीं दालनें उघडलीं. पूर ओसरला आणि कर्ज तेवढें राहिलें. अमेरिकन फोर्ड कंपनीनें १९७९ सालींच सुमारें एकचतुर्थांश भाग घेतले होते. १९९६ सालीं तिनें आपला वांटा ३३.४ टक्के केला व हेन्री वॉलेस यांना अध्यक्षपदीं बसविलें. जपानी मोटार कंपनीचा अध्यक्ष परदेशी मनुष्य व्हावा, हें प्रथमच घडलें. २००८ च्या जागतिक मंदींत फोर्डलाच पैशाची निकड लागली, तेव्हां तिनें आपला वांटा विकण्यास सुरुवात केली व २०१५ पर्यंत ती पूर्ण बाहेर पडली. २०१७ सालीं टोयोटानें सुमारें ५ टक्के भाग घेतले. १९६१ सालीं ज्या विलीनीकरणाची भीति होती तें आजतागायत झालेलें नाहीं. परंतु एकट्यानें उभें राहणेंही आतां कोणास शक्य राहिलेलें नाहीं, हेंच यावरून दिसून येतें.

रोटरी इंजिनाची शेवटची मोटार ‘आरएक्स-८’ हिची निर्मिति २०१२ सालीं थांबली. तोंपर्यंत अशीं इंजिनें असलेल्या सुमारें २० लक्ष गाड्या कंपनीनें केल्या होत्या. ११ वर्षांनंतर, २०२३ सालीं, तें इंजिन पुन्हां अवतरलें. पण चाकें फिरविण्यासाठीं नव्हे. ‘एमएक्स-३०’ या विजेच्या मोटारींत तें वीज निर्माण करण्याचें काम करितें. चाकें फिरविते ती विजेची मोटर. एके काळचा शर्यतीचा घोडा मोटेस जुंपला, असें म्हणून कोणी हळहळेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. लहान जागेंत बसणारें, न थरथरतां एका लयींत चालणारें यंत्र म्हणून त्याचे जे गुण होते तेच येथें कामीं आले आहेत.

आतां आरंभींच्या प्रश्नांचें उत्तर देतां येईल. माझदाच्या मोटारी इतरांच्या मोटारींहून सर्व बाबतींत सरस आहेत म्हणून लोक तिच्यावर प्रेम करीत नाहींत. तशा त्या नाहींतही. जें इतरांनीं हिशेब करून टाकून दिलें तें कोणीतरी जपून ठेविलें, हें पाहून माणसास बरें वाटतें, आणि त्या समाधानांत त्याच्या निष्ठेचें मूळ आहे. हट्ट शहाणपणाचा होता काय, याचें उत्तर मात्र एका शब्दांत देतां येत नाहीं. तो सर्वत्र लादला तेव्हां त्यानें कामगारांच्या पोटावर पाय आणला. त्याची मर्यादा ओळखली तेव्हां त्यानें कंपनीचें स्वत्व राखलें. बूच संपलें तेव्हां यंत्रें, शहर जळलें तेव्हां तीनचाकी, तेल महागलें तेव्हां फामिलिया, अशा प्रत्येक वळणावर माझदा तगली ती साध्या, उपयोगी कामाच्या बळावर. आणि असें तगून राहिल्यामुळेंच तिला आपला एक छंद पुरा करण्याची ऐपत आली. ज्यास आपला हट्ट चालवावयाचा आहे त्यानें आधीं आपली भाकरी मिळवावी, हा धडा कोळ्याच्या त्या मुलास पहिल्यापासून ठाऊक होता. त्याच्या वारसांस तो मधून मधून महागांत पडून शिकावा लागला.